माझी काही हरकत नाही

दलालाचा फोन आला तेव्हा मी खिडकी लावून सुके बोंबील भाजत होते. "बेन, जाहेरात मूकुं छुं. ओन्ली वेज लखी दउं ने?"

बडोद्यात या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं हं म्हणायचं असतं. मीही म्हटलं, "लखी दो." फोन ठेवला, तव्यावरचे बोंबील उलटले आणि एकटीच हसले. आता ते हसू आठवलं की बरं वाटत नाही.

बाबाजीपुऱ्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. खाली आम्ही दोघं. वर दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर, रस्त्याकडची गॅलरी आणि मधल्या खोलीत टांगलेला हिंचका. (आम्ही झोपाळ्याला हिंचकाच म्हणतो. भाजीला कधी भाजी, कधी शाक. पुण्याची भावजय कपाळाला हात लावते.) भाऊ तीन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेला आणि वरच्या मजल्याला कुलूप लागलं. बंद घराला वाळवी फार लवकर शोधून काढते. या उन्हाळ्यात दाराची चौकट बोटानं दाबली तर आत गेली, तेव्हा ठरवलं की भाडेकरू ठेवायचा. अकरा महिन्यांचा करार, कारण वर्षाच्या वर गेलं की रजिस्ट्रेशनची भानगड. पोलीस स्टेशनला माहिती. दोन महिन्यांचं डिपॉझिट. सगळं रीतसर.

‘वेज’ या शब्दाची गंमत अशी की तो बोलणाऱ्याचं तोंड स्वच्छ ठेवतो. एका शब्दात चार-पाच जाती आणि एक अख्खा धर्म दाराबाहेर उभा राहतो आणि नाव कुणाचंच घ्यावं लागत नाही. आम्ही स्वतः मासेखाऊ. गायकवाडांच्या चाकरीत कारकुनी करायला जी घराणी बडोद्याला आली त्यातलं आमचं एक. पिढ्यान्‌पिढ्या खिडक्या लावून मासे तळण्यात आमचा हात बसलेला आहे.

आणि हे आमच्याही वाट्याला आलेलं आहे, म्हणून तर जास्त लागतं. 1996 साली भावानं जुन्या पादरा रोडवर एका नव्या सोसायटीत फ्लॅट बघितला होता. बयाणा घेऊन गेला. चेअरमन फार सज्जन माणूस. बसवलं, पाणी दिलं, कोल्ड्रिंक मागवलं. आडनाव ऐकलं, मराठी म्हटल्यावर जेवणाखाण्याची चौकशी झाली. मग म्हणाले, "अमने तो कंई वांधो नथी, पण मेंबरो नहीं माने." भाऊ घरी आला, बूट न काढता ओट्यावर बसून राहिला. आईनं काही विचारलं नाही. त्या रात्री तिनं सुरमई तळली आणि बडोद्यात पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या.

वांधो नथी, म्हणजे हरकत नाही. हे दोन शब्द मी नीट ऐकून घेतले होते, निदान मला तसं वाटत होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, युनिव्हर्सिटी उघडते तेव्हा, खोल्या बघायला पोरांची रीघ लागते. त्यात ही मुलगी आली. भरूचची. रसायनशास्त्रात पीएचडी करणारी. हेल्मेट काखेत, ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली, बडोद्याच्या सगळ्या स्कूटरवाल्या मुली उन्हासाठी बांधतात तशी. तिनं आधी नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघितलं, मग भिंतीवर हात ठेवून ओल आहे का ते बघितलं. मला आवडली. माझ्या सुनेनंही इतकं नीट बघितलं नसतं. हिंचक्यावर बसून एक झोका घेतला आणि म्हणाली, इथं बसून पेपर तपासता येतील. मी चहा टाकला. भाडं ठरल्यातच जमा होतं.

तिनं नाव सांगितलं होतं, पण ते कुणाचंही असू शकेल असं होतं. मी कप पुढे केला आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

ती म्हणाली नव्हतीच. मग म्हणाली.

मला आठवतंय, माझ्या चेहऱ्यावर मी काहीही येऊ दिलं नाही. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई आहे मी, चेहरा सांभाळता येतो. मी म्हटलं, "माझी काही हरकत नाही गं. पण मिस्टरांना विचारते. आणि खोल्या तशा भावाच्या नावावर आहेत. कळवते हं तुला दोन दिवसांत."

तिनं चहा संपवला. अगदी शांतपणे म्हणाली, "आंटी, ना पाडवी होय तो अत्यारे ज कही दो. मारे हजी बे जग्याए जवानुं छे."

नाही म्हणायचं असेल तर आत्ताच सांगा, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. आवाजात राग नव्हता. रिक्षावाल्याला भाडं विचारावं तसा आवाज. मी म्हटलं, "छे छे, ना कुठे म्हणतेय!" ती हसली, नंबर लिहून दिला आणि जिना उतरून गेली.

मग मी खरोखरच विचारलं सगळ्यांना. नवरा म्हणाला, "मला कुठे काय? तूच ठरव. फक्त दिवाळीला तुझा भाऊ आला, तर त्याला चालेल का बघ." भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, माझी कसली हरकत? पण तिथं राहायचं तुम्हाला आहे. आजूबाजूचे काय म्हणतील ते बघ." समोरच्या काकूंकडे आडून आडून विषय काढला. काकू म्हणाल्या, "आपल्याला काय गं त्याचं, माणूस चांगलं असलं की झालं. पण हल्ली दिवस कसे आहेत बघतेस ना. उद्या आमच्या मुलानं काही म्हटलं तर." काकूंचा मुलगा कॅनडात असतो.

चार माणसं झाली, मला धरून. हरकत एकाचीही नव्हती. आणि खोली काही त्या मुलीला मिळाली नाही.

बडोद्यातल्याच हरणी भागाची बातमी मी 2024 च्या जूनमध्ये वाचली होती तेव्हा याच घरात, याच टेबलावर पेपर आपटला होता. महानगरपालिकेनं मुख्यमंत्री आवास योजनेत बांधलेली 462 घरांची वसाहत. 2017 साली सोडतीत एका मुसलमान बाईला तिथं घर लागलं. सरकारी खात्यात नोकरी करणारी, मुलाला घेऊन आई-वडिलांकडे राहणारी बाई. 462 घरांत ते एकच मुसलमान घर. आणि सात वर्षं झाली तरी तिला तिथं राहायला जाता आलेलं नव्हतं, कारण रहिवाशांचा विरोध. 33 जणांनी अर्ज दिला की हे वाटप रद्द करा. सोडत धर्म बघून काढत नाहीत, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. कायद्यानं घर तिचंच होतं. फक्त त्यात राहायचं नाही. मी त्या दिवशी घरातल्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला होता, सयाजीराव महाराजांचं नाव घेऊन. पुण्याहून दोन अंगठे आणि एक हात जोडलेला आला.

त्याच वर्षी जानेवारीत, 18 तारखेला, त्याच हरणीच्या तळ्यात सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांची बोट उलटली होती. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात यादी आली तेव्हा मी आडनावं वाचत नव्हते, वयं वाचत होते. म्हणजे मला ते जमतं. हवं तेव्हा जमतं.

आमच्या गुजरातेत एक कायदा आहे, लोक त्याला ‘अशांत धारो’ म्हणतात. दंगलींच्या काळात, 1986 मध्ये, पहिल्यांदा आला आणि 1991 मध्ये नव्यानं कायदा झाला. हेतू वाईट नव्हता. दंगलीनंतर घाबरलेली माणसं घरं कवडीमोलानं फुंकून पळत होती, त्यांना कुणी नाडू नये म्हणून नियम केला की अशांत म्हणून जाहीर झालेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी घ्यायची. दंगली थांबल्या तरी शिक्का राहिला. शहराच्या बऱ्याच भागांवर तो वर्षानुवर्षं आहे, वाढतोही आहे. या धर्माच्या माणसानं त्या धर्माच्या माणसाला घर विकायचं म्हटलं की शेजारचे अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत हजर. संरक्षणासाठी घातलेलं कुंपण बघता बघता वेशीची भिंत झालं. आता दलालांना कायद्याचं नावही घ्यावं लागत नाही. ते म्हणतात, "ए एरियामां नहीं थाय." कलम माहीत नसलं तरी हे वाक्य इथं प्रत्येकाला पाठ आहे.

आणि माझ्या वरच्या खोलीसाठी तर मला त्या कायद्याचं नावही घ्यावं लागलं नव्हतं. मी चष्मा लावून घटनेचं पंधरावं कलम वाचलं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कुणाला अडवता येणार नाही. सगळी यादी वाचली. तीत माझी वरची खोली नाही. अहमदाबादच्या एका पारशी हौसिंग सोसायटीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. 2005 मध्ये कोर्टानं सांगितलं की सभासद फक्त पारशीच असावेत असा पोटनियम सोसायटी करू शकते, संघटना करण्याचं स्वातंत्र्य त्यांना आहे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. मला मात्र पारशी हा शब्द वाचला आणि 1917 आठवलं.

बडोद्याच्या मराठी माणसाला ती गोष्ट माहीत असते, पण ती तो घाईघाईनं सांगतो. कारण आधी सांगायला पुष्कळ चांगलं असतं. महाराजांनी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला कॉलेजसाठी महिना 25 रुपये दिले. 1913 मध्ये अमेरिकेला पाठवलं, शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार झाला. 1906 मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच्याही आधी, 1882 च्या सुमाराला, अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या आणि सवर्ण शिक्षक तिथं जायला तयार होईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. हे शेवटचं आम्ही भाषणात सांगत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत इथं साहित्य संमेलन भरलं तेव्हा आम्ही बडोदेकर पाहुण्यांना शहर दाखवत फिरलो होतो. राजवाडा, न्यायमंदिर, सेंट्रल लायब्ररी. मी स्वतः चार बायकांना कमाटीबागेत नेलं, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा दाखवला. त्याच बागेतली संकल्पभूमी, म्हणजे बाबासाहेबांच्या आठवणीची वडाखालची जागा, दाखवायची राहिली. उन्हं झाली होती.

ते करारात बांधलेले बाबासाहेब 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला नोकरीवर आले. वय 26. कोलंबियाची पदवी, लंडनचं शिक्षण अर्धं सोडून. आणि राहायला जागा नाही. हिंदू खाणावळ घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या माणसाला रोजचा दीड रुपया हवा होता. वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी मोडक्या बाकांनी आणि फळ्यांनी भरलेला मोठा हॉल, वटवाघळं, आणि उजेडाला एक कंदील. हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी सकाळी लायब्ररीतून आणलेली पुस्तकं परत करायला उचलत होते तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काठ्या घेतलेले डझनभर पारशी. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची.

या गोष्टीतला काठ्यांचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्याही राहिला होता. या जुलैत मी ते पुन्हा वाचलं तेव्हा पुढच्या दोन ओळींवर थांबले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केलेला होता, दिवाणसाहेबांचा निर्णय होत नव्हता. बाबासाहेबांचे गावात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. हिंदू मित्राला फार वाईट वाटलं, संतापही आला. मग तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल.

म्हणजे मिस्टरांना विचारते.

काठ्या हाती घेणारे तरी स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाले. या दोन भल्या माणसांची काहीच हरकत नव्हती. हरकत नोकरांची होती, येऊ घातलेल्या बायकोची होती, दिवाणसाहेबांच्या टेबलावर पडलेल्या कागदाची होती. एकशे आठ वर्षांत बडोद्यात नवं वाक्य काही तयार झालं नाही. मी ज्या वाक्यावर इतकी वर्षं भावाच्या वतीनं चिडत होते, तेच माझ्या तोंडातून किती सहज निघालं, पाठ केलेल्या आरतीसारखं.

आणखी एक हिशेब मी त्या रात्री केला. आमच्या पणजोबांची पगडी अजून कपाटात आहे. ते दरबारच्या कचेरीत कारकून होते, 1920 च्या पुढेमागे निवृत्त झाले. म्हणजे 1917 च्या सप्टेंबरात ते रोज कचेरीला जात होते. आमच्या घरात पणजोबांच्या गोष्टींना तोटा नाही. महाराजांनी त्यांच्या अक्षराची तारीफ केली ती गोष्ट, हत्तीवरून पडता पडता वाचले ती, प्लेगात घर सोडून शेतावर राहिले ती. आजी मीठमसाला लावून सांगायची. मुंबईहून कुणी शिकलेला तरणा माणूस कचेरीत आला आणि पंधरवड्यात निघून गेला, ही गोष्ट नाही. कदाचित त्यांची गाठच पडली नसेल. कदाचित पणजोबांची काही हरकत नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कमाटीबागेत गेले. बाबासाहेबांची मुंबईची गाडी रात्री नऊची होती आणि त्यांना पाच तास काढायचे होते, ते त्यांनी या बागेत काढले. स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर. अस्पृश्यता संपवायचा संकल्प त्यांनी इथंच केला असं मानतात, म्हणून 23 सप्टेंबरला इथं संकल्पदिन असतो, महाराष्ट्रातून बसेस भरून माणसं येतात, निळे झेंडे लागतात. एरवी वडाच्या आसपास शुकशुकाट. मी गेले तेव्हा एक माळी पाइप ओढत होता आणि दोन कॉलेजची मुलं एका मोबाइलवर काहीतरी बघत होती.  मी मनाशी ठरवून गेले होते की निदान चार ते सहा बसायचं. साडेचारला पाऊस आला. मी पळत फाटकाशी आले, रिक्षा केली, घरी आले. पाच तास म्हणजे किती, हे काही मला कळलं नाही.

संध्याकाळी त्या मुलीला फोन लावला. तोवर नऊ दिवस झाले होते. तिनं नाव विचारलं, मी सांगितलं, तिला आठवेना. हिंचका म्हटल्यावर आठवलं. "हां आंटी!" म्हणाली. तिला तांदळजात खोली मिळाली होती. तांदळजा म्हणजे 2002 च्या दंगलीनंतर मुसलमान कुटुंबं जिथं जास्त जास्त करून गोळा होत गेली तो भाग, युनिव्हर्सिटीपासून चांगलाच लांब. मी विचारलं, पाणी कसं आहे? म्हणाली, एक वेळ येतं. मी म्हटलं, लॅबमधून उशिरा सुटतेस, मग एवढ्या लांब? म्हणाली, सवय होईल. मग थोडं थांबून, अगदी आदबीनं, "तमारे मिस्टर शुं बोल्या?"

मी म्हटलं, "त्यांची काही हरकत नव्हती."

ती म्हणाली, "मने खबर हती."

परवा दलालाचा पुन्हा फोन आला. तीन महिने जागा रिकामी कशी, भाडं पाचशेनं उतरवायचं का, म्हणून. मी म्हटलं, भाडं राहू दे, ते ‘ओन्ली वेज’ काढून टाक. त्याला वाटलं नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, "बेन, पछी तो बधाय आवशे." मग तर सगळेच येतील.

"येऊ देत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, त्याला कळलं. फोन ठेवला आणि आधी समोरच्या काकूंची खिडकी उघडी आहे का ते पाहिलं.